पांढरी चार

मंगलवैनी, तुला नेताना सगळ्यांत पुढं दूध सोसायटीचा टेम्पो होता आणि टेम्पोवर आपली कॅसेट लावली होती. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. गावाला वाटलं, गाणाऱ्या बाईला तिच्याच गाण्यांनी पोचवावं. माणसं चांगल्या मनानं करत होती, म्हणून मी गप्प राहिले. आम्ही बायका वेशीपर्यंत आलो आणि थांबलो, पण कर्ण्याचा आवाज मसणवट्यातूनसुद्धा येत होता. आठही गाणी झाली आणि पुन्हा पहिलं सुरू झालं. तुझ्या पुढं तुझा आवाज चालला होता, आणि तो तुझा नव्हता. एवढ्या माणसांत हे तिघांनाच ठाऊक होतं: तुला, मला आणि हमीदभाईंना. टेम्पोवर बसून मशीन हमीदभाईच सांभाळत होते. त्यांनी एकदा माझ्याकडं बघितलं आणि मान खाली घातली.

तेव्हापासून तुझ्याशी बोलायचं आहे. घाटनांदूरहून परत येताना जीपमध्ये तू एक वाक्य बोललीस आणि त्यावर मी काही उत्तर दिलं नाही. पुढं इतकी वर्षं आपण एकमेकींच्या डोक्याला तेल लावलं, लेकरांची लग्नं लावली, शेकड्यानं कार्यक्रम केले, पण त्या वाक्याला उत्तर राहिलंच. आता द्यायचं म्हणते. तू ऐकून घेणारी होतीस, एवढाच आधार आहे.

पहिल्यापासून सांगते, कारण आपण हे सलग कधी बोललोच नाही.

तू दादाची बायको होऊन दिंद्रुडला आलीस तेव्हा मी परकर-पोलक्यात होते. जात्यावर तू म्हणायचीस आणि मी मागून ओढायचे. पुढं माझं लग्न माजलगावात झालं, तरी सोसायटीच्या वर्धापनदिनाला गाणं म्हणायला मी माहेरी यायचेच. अशाच एका वर्धापनदिनाला पुण्याचे ते संगीतकार पाहुणे म्हणून आले होते. आपल्या दोघींचं ऐकून ते स्टेजवरून खाली उतरले आणि तुझ्यापुढं येऊन म्हणाले, "बाई, तुमचा आवाज फार खाली जातो. असा आवाज मी शोधत होतो." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "तुम्हीही या. सोबत लागेल." तू आनंदानं माझा दंड धरलास. मला मात्र त्यांचं सगळं बोलणं सोडून 'सोबत' हा शब्द तेवढा लक्षात राहिला. हे तुला आज पहिल्यांदा सांगते आहे.

पुण्याला जाताना तू धपाट्यांची चवड बांधून घेतलीस. स्टुडिओत आठ व्हायोलिनवाले, दोघं ते पायांत धरून वाजवायचं मोठं वाद्य घेऊन बसलेले, एक बासरीवाला, एक सतारवाला. एवढी माणसं बघून तू माझ्या कानात म्हणालीस, "धपाटे पुरायचे न्हाईत गं." काचेपलीकडून रेकॉर्डिस्टनं सांगितलं, बांगड्या वाजतायत, काढून ठेवा. तू सरळ मान हलवलीस. "मालक हायत माझे. बांगड्या न्हाई उतरवायच्या." सगळं काम खोळंबलं. शेवटी संगीतकार साहेबांनी खिशातला पांढरा रुमाल काढला आणि तुझ्या मनगटावर बांगड्यांभोवती मी तो घट्ट आवळून बांधला. तीन दिवस तू हात बांधून गायलीस, आणि तुझ्या उभ्या जन्मात मी तुला इतकं मोकळं कधी बघितलं नाही.

साहेब पेटी घेऊन तासभर तुझ्या आवाजाची जागा शोधत होते. पांढरी सहा, पांढरी पाच, करत करत ते पांढरी चारवर आले आणि थांबले. बाईच्या मानानं ती खालची पट्टी. बहुतेक गाणाऱ्या बायांचा तिथं आवाजच फुटत नाही. माझाही फुटत नव्हता. मी तिथं पुटपुटल्यासारखी गायचे. तू मात्र चारमध्ये गायला लागलीस की व्हायोलिनवाले माना वर करून बघायचे.

आणि ते बारवेचं गाणं. बाई पाण्याला बारवेत उतरते, एकेक पायरी खाली, आणि चालही तशीच एकेका सुरानं खाली येते. साहेबांनी ते असं बसवलं होतं की पहिल्या पायरीला सगळी व्हायोलिनं, मग एकेक कमी होत जायचं, आणि शेवटच्या पायरीला फक्त ते एक मोठं वाद्य आणि तुझा आवाज. त्या शेवटच्या सुराला तू पोचलीस तेव्हा मी वळून तुझ्याकडं बघत राहिले. मी गायचं विसरले. टेक संपला आणि आठही व्हायोलिनवाले आपल्या गजांनी समोरच्या कागदाच्या स्टँडवर टकटक करायला लागले. तू घाबरलीस. "काय चुकलं माझं?" म्हणालीस. साहेब हसले. म्हणाले, "बाई, ही त्यांची टाळी आहे."

बाहेर जिन्यात बसून तू धपाटा खाल्लास. मग मला म्हणालीस, "कुसुम, इतकी मानसं माझ्या मागं कवाच हुबी राह्यली न्हाईत." मी हसले होते.

कॅसेटला साहेबांनी नाव दिलं 'निळी झुळूक'. निळी झुळूक म्हणजे काय, हे आपल्या दोघींनाही कळलं नाही आणि विचारायची लाज वाटली. वर फोटो आपला दोघींचा, नाव 'कुसुम-मंगल'. माझं आधी, कारण छापणाऱ्याला ते कानाला बरं वाटलं. एक खोकं भरून कॅसेटी गावात आल्या, आणि त्याच वर्षी पाऊस गेला.

मृगात चार थेंब पडले तेवढेच. विहिरी मार्गशीर्षातच उघड्या पडल्या. ऊस नाही म्हणून कारखान्याचं धुराडं थंड, आणि जनावरांना काडी नाही. मग दूध सोसायटीनं गावाबाहेरच्या माळावर छावणी काढली. चारपाच गावांची जनावरं तिथं आली आणि त्यांच्याबरोबर माणसंही. बांबूवर साड्या टाकून सावली केली आणि घरंच्या घरं तिथं राहायला लागली. सकाळी चारा, संध्याकाळी चारा, मधे टँकर. बाकीचा दिवस नुसता बसून काढायचा. काम करून दमणं वेगळं आणि काम नसल्यानं दमणं वेगळं, हे मी तिथं बघितलं. धडधाकट बापे दिवसभर दाव्याच्या गाठी सोडायचे आणि पुन्हा बांधायचे.

सोसायटीनं छावणीत पुकारा करायला हमीदभाईंचा कर्णा लावला होता. चाऱ्याच्या वेळा सांगून झाल्या की हमीदभाई गाणी लावत. त्यांच्याकडच्या जुन्या कॅसेटी धुळीनं गुरफटल्या आणि आपली 'निळी झुळूक' तेवढी नवी कोरी राहिली. त्यातच मशीनचा आतला पट्टा तुटला. नवा आणायचा तर बीडला जावं लागणार, आणि कर्ण्यावाचून छावणी चालणार नाही. हमीदभाईंनी सायकलच्या ट्यूबची गोल रिंग कापली आणि पट्ट्याच्या जागी बसवली. रिंग जाड, त्यामुळे मशीन जोरात पळायला लागलं. आपली पांढरी चारची गाणी पांढरी पाचात गेली. चाल घाईला आली, व्हायोलिनं चकचकीत झाली, आणि आपल्या आवाजांच्या दोन कोवळ्या पोरी झाल्या.

तू दादाची भाकरी घेऊन छावणीत आलीस तेव्हा माहेरी आलेली मी बरोबर होते. कर्ण्यावर बारवेचं गाणं चाललं होतं. तू उन्हात उभी राहिलीस. टोपलं डोक्यावर तसंच. पूर्ण गाणं ऐकलंस आणि म्हणालीस, "ही मी न्हाई."

हमीदभाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. "भाबी, गलती झाली. पन तुमीच बगा, मानसं ऐकायलीत. काल एक म्हातारं उठून नाचलं. आता सावकाश लावलं तर म्हनतील मशीन बिघडलं."

"बिगडलेलं तर आता हाय," तू म्हणालीस.

"पुढच्या बाजाराला पट्टा आनतो. अल्लाकसम."

पट्टा आला तो पाऊस पडून छावणी उठल्यावर. तोवर व्हायचं ते झालं होतं. ज्याला त्याला ती गाणी घरी पाहिजे होती. हमीदभाईंनी त्याच मशीनला दुसरं मशीन जोडून कोऱ्या कॅसेटींवर ती उतरवून दिली, पळणाऱ्या रिंगेसकट. खोक्यातल्या खऱ्या कॅसेटी खोक्यातच राहिल्या. छावणीतल्या कॅसेटींवरून दुसऱ्या झाल्या, त्यांच्यावरून तिसऱ्या. पुढच्या दसऱ्यानंतर टोळ्या ऊस तोडायला गेल्या तेव्हा ट्रॅक्टरवर तीच गाणी गेली, पार कर्नाटकापर्यंत. लग्नात तीच, जत्रेत तीच, पिठाच्या गिरणीत तीच. धारूर घाटातल्या चहाच्या टपरीवर मी ती ऐकली आणि टपरीवाल्यानं माझे चहाचे पैसे घेतले नाहीत.

लोकांना काय आवडलं, हे मला आधी कळत नव्हतं. ते सुमननं सांगितलं. तुला आठवते का सुमन, धर्मापुरीकडची, ऊसतोडीची, छावणीत आपल्या बैलांच्या शेजारी तिची गाय होती ती? एकदा माजलगावच्या बाजारात भेटली. म्हणाली, "बाई, छावनीत दीस सरत नव्हता. तुमचं गानं लागलं की वाटायचं, कुनीतरी पळायलंय. आमी बसून होतो, पन गानं पळत होतं. लई बरं वाटायचं." मी हे तुला सांगितलं तेव्हा तू हातातलं काम खाली ठेवलंस. मग म्हणालीस, "तिचं खरंय. पन माझं काय?"

तिथून आपला तो वाद सुरू झाला.

कार्यक्रमाची आमंत्रणं येऊ लागली. सोसायट्यांच्या सभा, कारखान्याच्या गाळपाला पहिली मोळी टाकायचा समारंभ, पुढाऱ्यांचे वाढदिवस. आठ व्हायोलिनं कुठून आणणार? एक कीबोर्डवाला घेतला आणि त्यानं ती सगळी व्हायोलिनं एका पेटीत बसवली. पहिल्याच कार्यक्रमाला त्यानं विचारलं, "कॅसेटच्या पट्टीत ना?" मी म्हटलं हो. कॅसेट म्हणजे कुठली, हे त्यानं विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. आपण पाचात गायलो. लोकांनी टोप्या उडवल्या. त्या दिवसापासून पाच ती पाचच.

तुझ्या गळ्याला ती झेपत नव्हती. वरच्या जागी तुला टाचा उचलाव्या लागायच्या. कार्यक्रम झाला की दोन दिवस तू खुणेनं बोलायचीस, आणि दादा थट्टेनं म्हणायचा, घरात लई शांतता हाय. अंबाजोगाईच्या डॉक्टरनं घशात बघून सांगितलं की आवाजाच्या पडद्यावर गाठी धरल्या आहेत, वर ताणू नका. तू मला तेवढंच म्हणालीस, "कुसुम, आपन चारातच म्हनू की. ती आपलीच गानी हायत." आणि मी म्हणाले, "वैनी, लोक ओळखणार नाहीत." तू म्हणालीस, "मग लोकांना खरं सांगू. मशीन पळत होतं म्हनून सांगू." मी म्हणाले, "लोकांचं खरं तेच आहे. त्यांनी दुष्काळ त्याच्यावर काढलाय."

बोलायला मी पहिल्यापासून पटाईत. सुमनचं बोलणं मी तुझ्यावरच उलटवलं. त्यात खोटं काही नव्हतं, पण माझं खरं कारण ते नव्हतं. खरं कारण सांगते. चारात मी 'सोबत' होते. पाचात माझा गळा उघडायचा, चकाकायचा, आणि तुझा बारीक होऊन माझ्यासारखा व्हायचा. पाचात लोकांना आपल्यातली कोण कुठली ते कळायचं नाही. मला ते आवडत होतं, वैनी. माझ्या मशीनला कुणी रिंग बसवली नव्हती. मी आपल्या पायानं चालत गेले होते.

शेवटी तू एकदा हट्टाला पेटलीस. घाटनांदूरच्या सोसायटीची सभा, दुपारचा कार्यक्रम, मंडपात माणूस मावत नव्हता. तू जीपमध्येच सांगितलंस, "आज बारवेचं गानं चारात. येकदाच. मग मरंस्तोवर पाचात म्हनते." मी कबूल झाले. कीबोर्डवाल्याला तूच सांगितलंस.

तू सुरू केलंस. मला अजून आठवतंय, पहिल्या ओळीला तुझे खांदे खाली आले. इतक्या वर्षांत स्टेजवर तुझे खांदे कधी खाली आले नव्हते. तुझा तो आवाज मंडपात पसरायला लागला आणि मंडपात चुळबुळ सुरू झाली. बाया एकमेकींकडं बघायला लागल्या. मागून एक जण ओरडला, "बाई, सेल उतरले का?" आणि मंडप हसला. वाईट हसणं नव्हतं ते. जत्रेत हसतात तसं होतं. तू क्षणभर डोळे मिटलेस आणि पुढची पायरी उतरलीस. तू थांबणार नव्हतीस. लोकांनी अजून दोन ओळी कदाचित दम धरलाही असता, कुणाला माहीत.

मी हात पाठीमागं नेला आणि कीबोर्डवाल्याला दोन बोटं वर केली, म्हणजे पट्टी चढव.

त्यानं कळ दाबली. तू तिसऱ्या पायरीवर होतीस आणि खालची जमीन वर आली. तुला पाचात उडी मारावी लागली. मारलीस, आणि बेसूर झाली नाहीस. मंडपानं टाळ्यांचा कडकडाट केला, कारण आता त्यांचं गाणं लागलं होतं. मी जोरात गायले त्या दिवशी. फार चांगली गायले. लोक अजून सांगतात.

परतताना तू खिडकीशी बसली होतीस. रस्त्याच्या कडेनं उसाच्या गाड्या चालल्या होत्या आणि एका गाडीवर आपलंच गाणं होतं. ती गाडी मागं पडेपर्यंत तू ऐकत राहिलीस. मग बाहेर बघतच म्हणालीस, "तुझी बोटं मला दिसली, कुसुम." रागानं बोलली असतीस तर मी भांडले असते. भांडायला मी तयार बसले होते.

त्यानंतर तू चारचं नाव काढलं नाहीस. दिलेला शब्द पाळलास, मरेपर्यंत पाचात गायलीस. गाठी दोनदा काढल्या. शेवटी शेवटी वरची जागा मी घ्यायचे आणि तू नुसतं तोंड हलवायचीस, आणि लोकांना तेही कळत नव्हतं. पुण्याच्या साहेबांना मी एकदा फोनवर सगळं सांगितलं होतं, सायकलच्या ट्यूबसकट. ते खूप हसले. मग म्हणाले, "मंगलबाई कशा आहेत? त्यांना खाली गाऊ द्या." मी तुला सांगितलं की साहेबांनी तुझी विचारपूस केली आहे. दुसरं वाक्य सांगितलं नाही. तेही आजच सांगते.

परवा दादानं तुझी ट्रंक माझ्यापुढं आणून ठेवली. "तूच उघड," म्हणाला. "मला बायकांच्या कापडातलं कळत न्हाई." त्याचे डोळे सुजलेले होते. वरती नेसणीच्या साड्या, खाली लेकरांची टोपडी, आणि तळाशी साहेबांचा तो पांढरा रुमाल. पिवळा पडलेला. त्यात गुंडाळलेली 'निळी झुळूक', खोक्यातली, वरचा कागद झिजून आपले चेहरे पुसलेले. म्हणजे ती नुसती ठेवलेली नव्हती. मी दादाला विचारलं. तो म्हणाला, "मी रानात गेलो की लावायची. मी आलो की बंद करायची. म्या लईंदा दारातून ऐकलंय. मंग गोठ्याकडून चक्कर मारून यायचो, तिचं होऊ द्यायचो."

कोनाड्यातल्या तुझ्या छोट्या टेपमध्ये मी ती घातली. बारवेच्या गाण्यापर्यंत फिरवली आणि कळ दाबली. व्हायोलिनं आली, संथ, आणि मग एक बाई गायला लागली, आणि मी दादाला म्हणाले, "सेल उतरले का रे?"

मी म्हणाले, वैनी. मी, जिनं तुझ्या मनगटावर तो रुमाल बांधला होता. जी तुझ्याच माइकवर, हातभर अंतरावर उभी होती.

दादा म्हणाला, "सेल कशाचे? लाइटीवर हाय त्यो."

मी टेपवर गेलेला हात मागं घेतला. खाली बसले. तू पायरी पायरी उतरत होतीस आणि मी कुठंच नव्हते, फार लक्ष दिलं तर पलीकडं कुणीतरी पुटपुटत होतं. शेवटच्या पायरीला फक्त ते मोठं वाद्य आणि तू. तो सूर किती खाली आहे हे मी विसरले होते. पाचात सगळं गाणंच वर चढलेलं, म्हणून इतकी वर्षं ती पायरी आलीच नव्हती. एक अलीकडंच आपण थांबत होतो आणि लोक टाळ्या वाजवत होते. मी घाटनांदूरच्या त्या माणसाला मनातल्या मनात किती शिव्या दिल्या होत्या. त्याच्यात आणि माझ्यात काही फरक उरला नाही. मी खूप रडले. दादा गोठ्याकडून चक्कर मारून आला.

काल सोसायटीनं तुझ्यासाठी सभा ठेवली, दूध घालायच्या शेडमध्येच. चार-सहा जण बोलले. एका पुढाऱ्यानं तुला गानकोकिळा म्हटलं. तू असतीस तर पदरात हसली असतीस. सुमन आली होती, धर्मापुरीहून, नातीला घेऊन. भाषणं झाल्यावर माणसं म्हणायला लागली, कुसुमताई, बारवेचं म्हणा, मंगलताईला बरं वाटंल. हमीदभाई कर्णा जोडून कॅसेट घालायला निघाले. मी म्हटलं, "राहू द्या हमीदभाई. पेटी आणा."

पेटी माझ्यापुढं ठेवली. मी पांढरी चारवर बोट ठेवलं आणि भाता ओढला.

चारात माझ्याकडं आवाज नाही, हे तुला ठाऊकच आहे. पहिली ओळ कशीबशी निघाली. बसकी, धापा टाकत. शेडमधली माणसं एकमेकांकडं बघायला लागली. तीच चुळबुळ, मला ती पाठीतून कळते. सुमन पुढंच बसली होती. तिला राहवलं नाही. "बाई, कावून इतकं सावकाश? बरं न्हाई का तुमाला?"

मी गाणं थांबवलं. म्हटलं, "बरी आहे, सुमन. ही मंगलवैनीची पट्टी आहे. छावणीतलं मशीन पळत होतं. तुम्ही जे ऐकलंत ते तसं नव्हतं. तिनं असं गायलं होतं, आणि मी तिला तुमच्यापुढं असं गाऊ दिलं नाही."

हमीदभाईंनी टोपी काढून मांडीवर ठेवली. सुमननं नातीला मांडीवर ओढून घेतलं आणि मला म्हणाली, "मंग म्हना तसंच."

मी पहिल्यापासून सुरू केलं. पायरी पायरी उतरत गेले. तिसऱ्या पायरीला, जिथं घाटनांदूरला मी हात मागं नेला होता, तिथं माझा गळा बंद पडायला लागला आणि हात आपोआप पेटीवर पाचच्या दिशेनं सरकला. मी दुसऱ्या हातानं तो धरला. पेटीचा भाता बंद पडला, तशीच नुसत्या तोंडानं पुढं गेले. शेवटच्या पायरीला तोंडातून फक्त वारा आला. सूर नाही. तिथवर मी पोचले नाही, वैनी, आणि पोचणारही नाही. पण बोटं खालीच ठेवली. तू बघितलं असशील.